भिंगरीच्या मापाचं पान

जगातल्या निम्म्या दुखण्यांना वाईट बूट जबाबदार असतात आणि उरलेल्या निम्म्यांना ते बूट विकणारे, असं बूट शिवणाऱ्या उस्तादचं ठाम मत होतं. कंबर दुखते? बूट दाखव. डोकं धरतं? बूट दाखव. नवरा-बायकोचं पटत नाही असं गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं असतं, तरी या गृहस्थाने आधी दोघांचे बूट उलटे करून तळ पाहिले असते. आणि गंमत अशी की दहातल्या सात वेळा त्याचं बरोबर यायचं. बूट बदलला की आठवड्याभरात माणूस हसत दारात उभा. त्यामुळे उस्तादला वाटायला लागलं होतं की पावलातलं आपल्याला सगळंच कळतं. असं वाटणं वाईटच, पण ज्याचं बरोबर येतं त्याला ते सांगणार कोण?

दुकान गल्लीच्या वळणावर होतं. पुढे गिऱ्हाइकाला बसायला एक ठेंगणं स्टूल, मागे कामाची जागा, वर राहायच्या दोन खोल्या. भिंतभर लाकडी फर्मे टांगलेले. फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा ठोकळा. त्याच्यावर चामडं ताणून बूट घडवायचा. फळीवर मापाच्या वह्या. गिऱ्हाइकाला अनवाणी कागदावर उभं करायचं, पेन्सिल ताठ धरून पावलाभोवती फिरवायची, आणि बाजूला बारीक अक्षरात काय हवं काय नको ते लिहायचं. माप सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मिलिमीटरचं नाव काढलं की उस्ताद असं तोंड करायचा की जणू कुणी त्याच्या चहात मीठ घातलंय.

या वह्यांमधली एक वही फक्त भिंगरीची होती. भिंगरी म्हणजे त्याची एकुलती एक लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. एका जागी उभी म्हणून राहायची नाही, म्हणून भिंगरी. ती पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली त्या दिवशी उस्तादने तिचं पाऊल कागदावर आखलं, आणि मग दर वाढदिवसाला आखत गेला. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली, त्या वर्षीसुद्धा चुकला नाही. आता भिंगरी एकतीस वर्षांची झाली होती आणि वहीत एकतीस पानं भरली होती.

नोकरीही तिने अशी शोधली की दिवसभर चालत राहावं. ती टपाल वाटायची. खांद्याला पिशवी, रोजचे अकरा-बारा किलोमीटर, जिने वेगळे. "माझ्या बाबांच्या बुटात मी आजवर ठेचकाळले नाही," असं ती टपाल कचेरीत मिरवायची. बरोबरीचे लोक म्हणायचे, "मग आमच्या पायांनी काय पाप केलंय? सांग की तुझ्या बाबांना." असे तिने निम्म्या कचेरीचे पाय दुकानात आणले होते.

आता खरी गोष्ट. भिंगरी ठेचकाळत नव्हती याचं कारण चांगलं चामडं नव्हतं. कारण असं होतं की गेली चार वर्षं तिचा बाप तिला ठेचकाळू देत नव्हता.

चार वर्षांपूर्वी तिचे बूट टाच बदलायला आले होते. उस्तादने सवयीने उलटे केले आणि त्याचा हात थबकला. डाव्या बुटाचा पुढचा कोपरा घासला होता. टाच घासते, कड घासते, पण चालणाऱ्या तरुण माणसाचं टोक असं घासत नाही. पाऊल उचलताना चवडा पुरता वर येत नसेल, तरच घासतं. तरुण माणसाच्या बुटाचं असं घासलेलं टोक त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि ते त्याच्या थोरल्या भावाच्या बुटाचं होतं.

हे दुकान मुळात दोघा भावांचं. दादा चामडं कापायचा, उस्ताद शिवायचा. दादा छत्तिशीत आला आणि अडखळायला लागला. आधी एक पाऊल लटकायला लागलं, मग दुसरं. बोटं आत वळली, पोटऱ्या सुकल्या. दोघं हाडाचे बूटवाले. त्यांना वैद्य आठवला नाही, बूट आठवला. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. उस्तादने दोन वर्षांत दादासाठी अकरा जोड बनवले. मऊ, कडक, उंच, बसके. पाय काही सुधारेनात. बाराव्या जोडाचं माप घ्यायला गेला तेव्हा दादाने गिऱ्हाइकांच्या देखत पायातला बूट काढून भिंतीवर भिरकावला. "तुझ्या बुटांनी माझे पाय खाल्ले!" म्हणाला, आणि भिंतीला धरत धरत जो गेला तो परत त्या उंबऱ्यावर आला नाही. शेवटची वर्षं त्याने चाकाच्या खुर्चीत काढली. मूलबाळ नव्हतं. तो गेल्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी उस्ताद सगळ्यांच्या मागे उभा राहिला होता, चोरासारखा.

तर ते घासलेलं टोक पाहून उस्तादला वाटलं, आपलाच हात पुन्हा नडला. आपल्याच बुटाने लेकीचा पाय बिघडवला. हे तिला सांगायचं कसं? त्याने सांगितलंच नाही. नवा जोड करताना डाव्या बुटाचं टोक एक सूत वर उचललं आणि वहीत तिच्या पानावर लिहिलं, "डावा, चवडा घासतो. पुढून एक सूत वर." पुढच्या वर्षी दोन सूत, आणि तळात एक पातळ पोलादी पट्टी, म्हणजे पाऊल लटकायच्या आत बूटच त्याला वर धरेल. त्याच्या पुढच्या वर्षी "उजवाही." घरात घालायच्या तिच्या सपातांनाही तसंच. एवढ्या बेमालूमपणे की भिंगरीला पत्ता लागू नये. तिला लागलाही नाही. ती बारा किलोमीटर चालून यायची, बूट काढायच्या आधीच वर जायची, आणि वरून ओरडायची, "बाबा, चहा टाकू?" आणि उस्ताद खाली मूग गिळून बसलेला.

पण माणूस काही बूट घालून आंघोळ करत नाही. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी भिंगरी अनवाणी जिना उतरत होती, तिचं पाऊल पायरीच्या कडेला अडकलं आणि ती सहा पायऱ्या गडगडत खाली आली. मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरने मनगटाला प्लास्टर घातलं, आणि जाता जाता तिच्या पायांकडे बघून विचारलं, "हे पाय असे कधीपासून?" तिथून तपासण्यांचं गाडं सुरू झालं. पायांत सुया, विजेचे झटके, मग रक्त. मनगट कधीच सांधलं आणि भिंगरी परत टपाल वाटायला लागली, तरी तपासण्या संपेनात. शेवटी दोघं जाऊन बसली नसांच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत.

डॉक्टरीणबाई भिंगरीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील, पण बोलणं ठाम. त्यांनी टेबलावर कागद पसरला, त्यावर घरच्या माणसांचे गोल आणि चौकोन काढले, बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आणि घरात कुणाला पायांचा त्रास होता का ते विचारलं. उस्तादने घसा साफ करून दादाचं सांगितलं. बुटाचं नाही सांगितलं, पायांचं सांगितलं. बाईंनी एक चौकोन काळा केला.

"आपल्या पेशींमध्ये प्रथिनं तयार होतात," त्या म्हणाल्या, "ती आधी नुसत्या लांब दोऱ्यासारखी असतात. त्यांची ठरावीक घडी बसली तरच ती कामाची. घडी चुकली तर नुसताच गुंता. म्हणून शरीराने मदतनीस ठेवलेत. तीही प्रथिनंच. घडी बसेपर्यंत धरून ठेवायचं, चुकलेली सोडवायची, गुंता साठू द्यायचा नाही, हे त्यांचं काम."

"म्हणजे चामडं फर्म्यावर चढवताना दुसऱ्या माणसाला धरावं लागतं, तसं," उस्ताद म्हणाला.

"अगदी तसं. त्यातल्या एका मदतनीसाच्या जनुकात तुमच्या मुलीला एका अक्षराची चूक आहे. जन्मापासूनची. चूक नसती तर हे जनुक आयुष्यभर गुपचूप राबलं असतं, त्याचं नावसुद्धा तुम्हाला कळलं नसतं. चूक असूनही तरुणपणी निभून जातं. मग लांबच्या नसांमध्ये गुंता साठायला लागतो. पाठीपासून पावलापर्यंत जाणारी नस शरीरात सर्वांत लांब, म्हणून आधी पावलं. बऱ्याच वर्षांनी, काहींच्या बाबतीत, हात."

उस्तादने टोपी हातात घेतली होती आणि तिची कड बोटांनी चुरगळत होता.

"यात बुटांचा काही संबंध?" त्याने विचारलं.

"नाही."

"समजा बूट तंग असले, वर्षानुवर्षं..."

"नाही हो. संबंध नाही."

"चामडं कमावताना रसायनं वापरतात, ती पायात उतरून..."

"बाबा," भिंगरी म्हणाली, "त्या नाही म्हणाल्या ना!"

तीस वर्षांपूर्वी भिंतीवर आदळलेला बूट उस्तादच्या छातीवरून कुणीतरी उचलला होता. दादा, अरे दादा, माझा बूट नव्हता रे तो! हे ओरडून सांगावं असा माणूस जगात उरला नव्हता, आणि उस्तादचे डोळे भरून आले. भिंगरीला वाटलं, बाबा आपल्यासाठी रडताहेत. तिने त्याचा हात धरला.

"आता तुम्ही बूट काढा," डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या. "उभे राहा. चवडे उचलून नुसत्या टाचांवर चार पावलं चाला."

"मी? मला काय झालंय?"

"चालून दाखवा."

उस्तादने चवडे उचलायचा प्रयत्न केला. ते उचललेच जाईनात. जमिनीला चिकटल्यासारखे पडून राहिले. बसून काम करणाऱ्याचे पाय आखडतात, असं म्हणत त्याने पंधरा वर्षं स्वतःच्या बुटांची टोकं वर उचलली होती आणि दुसरा विचार केला नव्हता. बाईंनी कागदावरचा आणखी एक चौकोन काळा केला, आणि तिथून भिंगरीच्या गोलापर्यंत एक रेघ ओढली. उस्तादने ती रेघ पाहिली. बुटाने दिलेलं नव्हतं. त्याने स्वतः दिलेलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बापलेक दोघं रडून मोकळी झाली असती. पण डॉक्टरीणबाई पुढे बोलल्या. या आजारावर एका नव्या औषधाची चाचणी सुरू होती. मदतनीस प्रथिनाला हात देणारं औषध. गेलेलं परत येत नाही, पण पुढचं जाणं थांबतं असं दिसत होतं. "अट एकच. पहिलं लक्षण दिसून दोन वर्षांच्या आत माणूस आमच्याकडे यायला हवा. तुमचं कधी सुरू झालं?"

"आठ महिने," भिंगरी ताडकन म्हणाली. "त्याआधी मी रोज बारा किलोमीटर चालत होते, एकदाही अडखळले नाही. कुणालाही विचारा!"

तिच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला होता की उस्तादला तिकडे बघवेना.

"घरच्या माणसालाही वेगळं विचारावं लागतं, तसा नियम आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही रक्त देऊन या, तोवर मी बाबांशी बोलते."

भिंगरी गेली. दार लागलं. बाईंनी फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "तिच्या पावलांत पहिला बदल तुम्हाला कधी दिसला?"

"आठ महिने," उस्ताद म्हणाला.

त्यांनी लिहिलं. झालं. एवढं सोपं होतं. घरी वही होती, पण ती वही उघडणारं दुसरं कोण होतं? उस्तादने मनातल्या मनात वहीतली चार पानं फाडून शेगडीत घातलीसुद्धा. मग त्याने नको तो प्रश्न विचारला. साधं कुतूहल म्हणा, नाहीतर कारागिराची खोड म्हणा. "हे दोन वर्षांचंच का? थोडं इकडे-तिकडे झालं तर काय मोठं बिघडतं?"

"बिघडतं," बाईंनी पेन खाली ठेवलं. "पहिल्या फेरीत अट नव्हती. ज्यांचा आजार जुना होता, त्यांच्यातल्या पाच जणांना औषधाने उलटच केलं. थकलेल्या नसेला ते झेपत नाही. त्यातल्या दोघांचे हात वर्षभरात गेले. चमचा धरता येत नाही त्यांना. म्हणून आम्ही इतकं खोदून विचारतो."

त्या क्षणी उस्तादला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण एक गोष्ट नक्की: माणसाचा जीव दोन्हीकडून चरकात घालायचा म्हणतात, तो असा. खोटं बोलावं तर लेकीचे हात जायचे. खरं बोलावं तर पायांची आशा जायची. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता आणि बाहेर कुठेतरी भिंगरी कुणाशी तरी हसत होती.

"खोडा ते," तो म्हणाला.

"काय?"

"आठ महिने खोडा. चार वर्षं लिहा."

मग त्याने सगळं सांगितलं. घासलेलं टोक, एक सूत, दोन सूत, पट्टी. दादाचंही. डॉक्टरीणबाई आधी भडकल्या. "चार वर्षं तुम्हाला दिसत होतं आणि तुम्ही तिला एका शब्दाने बोलला नाहीत?" मग त्यांनीच सुस्कारा टाकला. "इथे पावलांना आधार बनवणारे तज्ज्ञ आहेत. त्यांच्यापैकी कुणी असा बूट केला असता तर मी त्याची पाठ थोपटली असती. फक्त त्याने बूट केल्यावर मला कळवलं असतं."

"चाचणी कधी सुरू झाली?" उस्तादने विचारलं.

"दोन वर्षांची अट घालून? तीन वर्षं झाली."

तीन. त्याने ते बोटांवर मोजलं नाही, गरजच नव्हती. दुसऱ्या पानावर "दोन सूत" लिहिलं होतं, तेव्हा हे दार उघडं होतं. भिंगरी त्यातून सहज आत गेली असती, स्वतःच्या पायांनी.

"तिला मी सांगतो," तो उठत म्हणाला.

"आज सांगा. उद्यावर टाकू नका."

घरी येताना वाटभर भिंगरीची टकळी सुरू होती. चाचणीसाठी वर्षातून चारदा यावं लागेल, मग सुट्ट्या अशा घ्यायच्या, तशा घ्यायच्या. "बाबा, तुम्ही बोलत का नाही? माझी रेघ बघून घाबरलात? अहो, माझे पाय तुमच्यावर गेले, त्यात एवढं काय? नाक आईवर गेलंय, तेच बरं झालं. तुमचं नाक आलं असतं तर लग्नाआधीच नवरा पळाला असता." लग्न झालेलं नव्हतं, नवराही कुठे नव्हता, पण हा विनोद ती नेहमी करायची. उस्तादने हसायचा प्रयत्न केला.

दुकान उघडल्यावर त्याने फळीवरून तिची वही काढली. तिला स्टुलावर बसवलं, आणि शेवटची चार पानं उघडून तिच्या मांडीवर ठेवली. त्याचं बारीक अक्षर भिंगरीला लहानपणापासून लागत होतं. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर "उजवाही" हा एकच शब्द होता. त्यावर ती फार वेळ थांबली.

"हे कधीचं?" तिने विचारलं, पण तारीख पानावर होतीच.

"भिंगरे, मला वाटलं माझ्या बुटाने झालं. दादासारखं. मला तोंड नव्हतं सांगायला."

"चाचणी?"

"नाही मिळणार. मी खरं सांगितलं त्यांना. खोटं सांगितलं असतं तर तुझे हात गेले असते गं."

"ती कधी सुरू झाली?"

उस्ताद फळीवरच्या बाकीच्या वह्या सारख्या करायला लागला.

"बाबा, कधी सुरू झाली?"

"तीन वर्षांपूर्वी."

भिंगरी ओरडेल, वही फेकेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फेकली असती तर बरं झालं असतं. ती वही मिटून तशीच बसली. नाकपुड्या थरथरत होत्या, आईसारख्या. मग ती वाकली, पायातले बूट काढले आणि त्याच्यापुढे कामाच्या फळीवर ठेवले.

"पट्ट्या काढा. टोकं सपाट करा."

"अगं, पडशील."

"चार वर्षं मी कशी चालतेय ते तुम्हाला ठाऊक आहे, मला नाही. माझे पाय आहेत, बाबा! काढा म्हणते ना."

उस्तादने रापी घेतली, चामडं कापायची ती पात्यासारखी सुरी, आणि स्वतः शिवलेले टाके एकेक करून उसवले. दोन्ही तळांतून पट्ट्या निघाल्या. टोकांखालची पाचरही त्याने सोलून काढली. अर्धा-पाऊण तास गेला. एक गिऱ्हाईक दारात आलं आणि दोघांची तोंडं बघून आल्या पावली परत गेलं.

भिंगरीने बूट घातले, नाड्या बांधल्या आणि दाराकडे चालायला लागली. पहिली दोन पावलं तिने गुडघे नेहमीसारखे उचलले. तिसऱ्याला डावा चवडा फरशीला घासला. चौथ्याला अडकला आणि ती दोन्ही हातांवर पडली. उस्ताद तीरासारखा उठला.

"बसा तिथेच!" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

तो बसला. असं बसणं त्याला जन्मात कधी जमलं नव्हतं. ती भिंतीवरच्या फर्म्यांना धरून उठली, दोनतीन फर्मे खाली पडले, आणि परत चालली. दारापर्यंत गेली, वळली, आली. पुन्हा पडली, पुन्हा उठली. गुडघा सोलवटला होता. पाचव्या फेरीला तिला आपलं आपण उमगलं की गुडघा किती उंच उचलला की चवडा निसटतो, आणि किती पावलांनंतर मांडी थकते. बारा किलोमीटर सोडाच, ती दुकानात दहा वेळासुद्धा धड येऊ-जाऊ शकत नव्हती. तेव्हा कुठे ती स्टुलावर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. लहानपणी आईसाठी रडली होती तशी, आवाज काढून. उस्ताद तिच्यापुढे जमिनीवर बसला. जवळ घ्यायची त्याची हिंमत होईना, म्हणून नुसता तिच्या बुटाची सुटलेली नाडी हातात धरून बसला.

"मला राग आलाय तुमचा," डोळे पुसून ती म्हणाली. "पुष्कळ दिवस राहील तो."

"राहू दे."

"आणि उद्या मला वाटपाला जायचंय." तिने बूट काढून त्याच्या पुढ्यात सरकवले. "पट्ट्या परत घाला. पण या वेळी मोठ्याने बोलायचं. काय करताय, का करताय, किती. वही मी लिहीन."

उस्तादने तिचं डावं पाऊल मांडीवर घेतलं, घोटा धरला, पाऊल सोडून दिलं तेव्हा ते किती लोंबतंय ते पाहिलं. दर वर्षी बघायचा, पण मुकाट्याने. आता तो मोठ्याने बोलला. "डावा. चवडा स्वतःहून अजिबात उचलत नाही. पुढून तीन सूत."

भिंगरीने वहीत नवं पान उघडलं आणि लिहिलं. पेन्सिल घट्ट धरली होती. उस्तादने पुढचं माप सांगायला मान वर केली आणि त्याची नजर तिच्या हातावर गेली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली जागा, जिथे मऊ उशीसारखं मांस असतं, तिथे एक बारीकसा खळगा होता. मनगट मोडलं होतं तो हात हा नव्हेच. हा दुसरा, चांगला. पेन्सिल तिने तीन बोटांऐवजी मुठीत धरल्यासारखी धरली होती, आणि तिला ते कळतही नव्हतं.

क्षणभर, देवाशपथ, त्याचं मन सवयीच्या वाटेने पळालं. पेन्सिलीला जाड चामड्याची गुंडाळी केली तर? टपालाच्या पिशवीचा पट्टा मऊ केला तर? तिला वाटेल, बाबांनी हौसेने केलं.

"उजवा किती?" भिंगरीने विचारलं. "बोला ना बाबा. मी लिहितेय."

"थांब," उस्ताद म्हणाला. "पेन्सिल ठेव. हात बघू तुझा."

तिने हात पुढे केला. त्याने त्या खळग्यावर आपला अंगठा ठेवला आणि तिलाही तिथे बोट ठेवून बघायला लावलं. ती दोन्ही हात शेजारी शेजारी धरून बघत राहिली.

"कधीपासून आहे हे?"

"आत्ता दिसलं मला. आईची शपथ, आत्ताच." त्याला स्वतःचे अश्रू आवरेनात, आणि त्याने ते आवरलेही नाहीत. "लिही. हात, अंगठ्याजवळ खळगा. आजची तारीख घाल. उद्या सकाळी आधी डॉक्टरीणबाईंकडे जायचं, मग टपाल."

भिंगरीने पेन्सिल परत उचलली. तारीख लिहायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि या वेळी तो वेळ दोघांनीही पाहिला.